सुरा, माडी आणि पानागार : हातखंब्याहून एक टिपण

१. विषयाचा उगम

हातखंबा हा गांव रत्नागिरी शहराच्या पूर्वेस बारा-तेरा किलोमीटरांवर आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता आणि रत्नागिरीहून कोल्हापुराकडे जाणारा रस्ता हे दोन्ही येथें मिळतात, आणि या तिठ्यावर घटकाभर थांबल्याशिवाय दक्षिणेकडील प्रवासी सहसा पुढें जात नाहीं. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी गोव्यास जातां जातां असाच थांबला व आमच्या ओटीवर येऊन बसला. शाळेंत असतांना त्यास शब्दरूपावलि कधीं पाठ झाली नाहीं. आतां तो पुण्यांत बिअर तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत नोकरीस आहे. हें सांगतांना तो किंचित् संकोचला. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे जिथं बिअर करतात तिथंच लोक बसून पितात. त्या जागेला टॅपरूम म्हणतात. संस्कृतात अशा जागेला काही नाव आहे का?"

"पानागार," असें आम्हीं तत्काल सांगितलें. तो संतुष्ट होऊन गेला, परंतु आमचें समाधान झालें नाहीं. शब्द सांगितला खरा. पण त्या शब्दामागें कोणती वस्तु होती, आणि त्या वस्तूचा आमच्या कोंकणांत कांहीं वंश उरला आहे काय, हा प्रश्न मनांत घोळत राहिला. त्याचा पाठपुरावा करितां करितां जें हातीं आलें तें या टिपणांत मांडीत आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने कागद वाचणाऱ्या आम्हां मंडळींस एक वाईट खोड आहे. सुरा, आसव, माडी, ताडी, फेणी अशीं भिन्न भिन्न नांवें पुढें आलीं कीं आम्ही त्या सर्वांवर 'दारू' अशी एकच चिठ्ठी डकवितों आणि पुढील ओळीकडे वळतों. वास्तविक यांत दोन निराळ्या जाती आहेत. एक आंबवून केलेल्या पेयांची, दुसरी आंबवलेलें द्रव्य भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढलेल्या पेयांची. पहिली सौम्य असते व टिकत नाहीं. दुसरी तीव्र असते व वर्षानुवर्षें राहते. म्हणून पहिलीला गांव असतो, दुसरीला गांव लागत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेविला तर कोंकणच्या महसुली कागदांतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, असें आमचें मत आहे. मद्यपानाची स्तुति करणें हा येथें हेतु नाहीं. ज्या घरांत मद्य शिरलें त्या घरांची दशा शिक्षकाच्या धंद्यांत आम्हीं पुरेशी पाहिली आहे. परंतु निषेध करावयाचा झाला तरी वस्तूचें लक्षण आधीं नीट सांगावें लागतें, हें धर्मशास्त्रकारांनींच आपणांस शिकविलें आहे.

२. सुरेचें कूळ

वैदिक वाङ्मयांत सोम व सुरा यांचा भेद प्रसिद्ध आहे. सोम हा पिळून काढलेला रस. सुरा ही धान्य आंबवून केलेली. सौत्रामणी नामक यागांत सुरेचा विनियोग असून ती करण्याची रीति कात्यायनाच्या श्रौतसूत्रांत आली आहे. तिच्या द्रव्यांत शष्प, तोक्म, लाजा आणि नग्नहु हीं चार नांवें येतात. वाजसनेयि संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायावरील महीधराचें भाष्य पाहिलें असतां शष्प म्हणजे मोड आलेलें भात व तोक्म म्हणजे मोड आलेले यव असा अर्थ मिळतो. लाजा म्हणजे लाह्या. नग्नहु हें आंबवण लावणारें, अनेक वनस्पतींच्या चूर्णाचें मिश्रण. हीं द्रव्यें शिजविलेल्या धान्याच्या पेजेंत मिसळून भांडें तीन रात्री ठेवावयाचें, म्हणजे सुरा सिद्ध होते.

यांतील मोड आलेले यव हा या प्रकरणाचा गाभा होय. धान्यांतील पिठूळ अंश जसाच्या तसा आंबून मद्य होत नाहीं. दाण्यास मोड फुटूं लागला म्हणजे त्याच्या पोटांत अशीं द्रव्यें उत्पन्न होतात कीं त्यांच्या योगें पिठाची साखर बनते, आणि मग त्या साखरेवर किण्वाचें काम सुरू होतें. आमच्या कोंकणांत तान्ह्या मुलांकरितां नाचणीस मोड आणून, ती वाळवून, दळून सत्त्व करितात, व तें साखर न घालतांही गोडसर लागतें. त्याचें कारण हेंच. युरोपांत बिअरकरितां यवास मोड आणून तो भट्टींत सुकवितात व त्यास माल्ट म्हणतात. तोक्म व माल्ट यांत तत्त्वतः कांहींच अंतर नाहीं. तेव्हां श्रौतसूत्रांतील सुरा ही आजच्या भाषेंत बिअरच्या कुळांतील आहे, दारूच्या नव्हे, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत : गुळाची, पिठाची आणि मधूची. निबंधकारांनीं सुरा शब्दाचा मुख्य अर्थ पैष्टी, म्हणजे धान्याची, असाच धरिला व त्यावरून प्रायश्चित्तांचें तारतम्य ठरविलें. म्हणजे ज्यांनीं निषेध केला त्यांनींसुद्धां कोणती वस्तु निषिद्ध आहे याचा काटेकोर विचार केला होता. अवेस्तांत याच शब्दाचें 'हुरा' असें रूप सांपडतें. त्यावरून शब्दाचें प्राचीनत्व ध्यानांत येईल.

परंतु या शब्दाचा पुढील प्रवास अधिक मनोरंजक आहे. गोमंतकांत आज 'सूर' म्हणजे माडाचा आंबलेला रस. तेथील सान्नां फुगविण्यासाठीं पिठांत हाच सूर घालितात, व पाव भाजणारे गोंयकारही पूर्वीं यीस्टच्या ऐवजीं हाच वापरीत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. त्यानेंही माडाच्या रसास 'सुरा' हेंच नांव दिलें असून, कांहीं माड फळांकरितां राखितात व कांहीं सुरेकरितां, असें लिहिलें आहे. त्याच रसापासून भट्टीवर काढलेल्या मद्यास तो 'ओर्राका' म्हणतो. हा शब्द अरबी 'अरक' म्हणजे घाम यावरून आला. भट्टीच्या झांकणास सुटलेले थेंब घामासारखे दिसतात, म्हणून हें नांव. आपला 'अर्क' तोच, व गोव्यांतील काजूचा 'उर्राक'ही तोच. फेणी हें नांव मात्र आपल्या 'फेन' शब्दावरून पडलें. म्हणजे आंबलेल्या पेयास संस्कृत नांव राहिलें आणि भट्टीच्या पेयास परकी नांव आलें. शब्दांनींच दोन जातींचा भेद राखून ठेविला आहे. तो आपण पुसूं नये.

३. कौटिल्याचें पानागार

अमरसिंहानें मद्यपानाच्या स्थानास शुण्डा असें नांव दिलें आहे, व त्यावरूनच मद्य विकणाऱ्यास शौण्डिक म्हणतात. परंतु अशा स्थानाचें सविस्तर वर्णन पाहावयाचें तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सुराध्यक्षाचें प्रकरण उघडावें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तो बहुधा नांवानेंच ठाऊक होता.

त्या प्रकरणाचा आशय थोडक्यांत असा. सुरा गांवाबाहेर जाऊं देऊं नये. सुरागृहें एकमेकांस लागून असूं नयेत. ज्याचें शील ठाऊक आहे अशा मनुष्यास ठराविक लहान मापानें सुरा बाहेर नेऊं द्यावी. इतरांनीं पानागारांतच बसून प्यावें. पानागारांत अनेक खोल्या असाव्या, त्यांत निरनिराळीं आसनें व शय्या असाव्या, आणि ऋतुमानाप्रमाणें गंध, माला, पाणी यांची सोय असावी. गिऱ्हाइकांच्या खर्चावर गुप्तचरांनीं लक्ष ठेवावें. मत्त होऊन निजलेल्या मनुष्याचा अलंकार वा पैसा गेला तर दुकानदारानें तो भरून द्यावा, व तितकाच दंडही भरावा. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या प्रसंगीं चार दिवस सुरा करण्याची मोकळीक असावी. गृहस्थास कार्यापुरती श्वेतसुरा व औषधापुरतें अरिष्ट घरीं करूं द्यावें. जे सरकारी माल विकीत नाहींत त्यांनीं शेंकडा पांच शुल्क द्यावें.

या नियमांत देखरेख आहे, कर आहे, दंडही आहे. परंतु सुरा ही जेथें होते तेथेंच प्यावयाची वस्तु आहे, हें गृहीतच धरलेलें दिसतें.

मेदक नामक सुरेचें प्रमाणही तेथें दिलें आहे : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. सोळा प्रस्थांचा द्रोण व चार प्रस्थांचा आढक, हें कोष्टक धरलें तर सोळा माप पाण्यास दोन माप तांदूळ व तीन माप किण्व असा हिशेब होतो. तांदुळाहून किण्व अधिक हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु किण्वाची कृति पाहिली म्हणजे शंका फिटते. उडदाचा लगदा, त्यांत एकतृतीयांश अधिक तांदूळ, व मोरट आदि वनस्पतींचा थोडा थोडा भाग असें तें किण्व आहे. म्हणजे तें स्वतःच धान्याचें आहे. उडीद व तांदूळ! आमच्या घरोघरीं आंबोळीकरितां रात्रीं भिजत पडतें तेंच हें द्रव्य. या दोहोंचें पीठ आंबतें हें कौटिल्याच्या काळच्या गृहिणीसही ठाऊक असावें, कारण सुरा व किण्व यांचीं द्रव्यें निवडण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें असें तो सांगतो.

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. बव्हेरियांत १५१६ सालीं बिअरविषयीं जो प्रसिद्ध हुकूम निघाला त्यांत यव, हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें व पाणी हीं तीनच द्रव्यें सांगितलीं आहेत. किण्वाचा उल्लेख नाहीं, कारण तें स्वतंत्र द्रव्य आहे असें त्या काळीं कोणी मानीत नसत. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालीं आला, तेव्हां त्या सूक्ष्म जीवांचें कार्य सिद्ध झालें. कौटिल्यासही कारण ठाऊक नव्हतें; परंतु द्रव्य निराळें काढून त्यानें तें मापानें मोजलें होतें.

४. माड आणि छेव

आतां धान्याकडून झाडाकडे येऊं. कोंकणांत यव होत नाहीं, माड होतो. येथें पूर्वापार माड हा मोजण्याचा विषय आहे. नाशिकजवळील पांडवलेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांपैकीं एकांत नानंगोल गांवचीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें दान दिल्याचा उल्लेख आहे, व दुसऱ्यांत चिखलपद्र गांवचीं आठ हजार. जमीन किती हें न सांगतां मूळें किती हें सांगितलें आहे. पुढें आगराचा आकार झाडांवर ठरे, वांटणीच्या कागदांत झाडें मोजून लिहीत, व अबकारीचा करही झाडावर बसे. ही एकच पद्धति अठराशेंहून अधिक वर्षें चालत आली.

या माडाचा रस कसा काढितात हें प्रत्यक्ष पाहावें म्हणून आम्ही काजळी नदीच्या कांठच्या एका आगरांत गेलों होतों. तेथील माड बाणवली जातीचे, म्हणजे उंच. बुंध्यावर पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडलेल्या. साठीच्या पुढचा एक गृहस्थ कमरेस कोयती व भांडें लावून पाहतां पाहतां शेंड्याशीं पोंचला. न उमललेली पोय दोरानें घट्ट बांधावयाची, कांहीं दिवस ती हलक्या हातानें ठोकून ठोकून मऊ करावयाची, मग तिच्या टोकास पातळ छेव द्यावयाचा. रस थेंब थेंब पाझरूं लागला कीं खालीं मडकें बांधावयाचें. प्रत्येक वेळीं चकतीभरच कापावयाचें. अधिक कापलें तर पोय लवकर संपते, कमी कापलें तर तोंड सुकून रस बंद होतो. ही अटकळ हातांतच असते, सांगतां येत नाहीं. छेवलेल्या पोयीस नारळ धरत नाहीं. म्हणून रस घ्यावा कीं फळ, हा निर्णय प्रत्येक पोयीगणिक करावा लागतो.

ताजा रस, म्हणजे नीरा, गोड असतो. त्यांत शेंकडा बारा ते पंधरा भाग साखर असते. मडक्यास आंतून चुना लाविला तर तो कांहीं काळ तसाच राहतो. न लाविला तर हवेंतील व मडक्याच्या अंगांतील किण्व लागलीच कामास लागतें. सायंकाळपर्यंत त्यांत शेंकडा चार ते सहा भाग मद्यांश होतो. बिअरमध्यें साधारणतः इतकाच असतो. दुसऱ्या दिवशीं तो आंबट होतो, व पुढें त्याचा शिर्का बनतो. म्हणजे जन्म, तारुण्य व वार्धक्य सर्व दीड-दोन दिवसांत. त्या गृहस्थास आम्हीं विचारलें कीं ही बाटलींत भरून मुंबईस कां पाठवीत नाहीं. तो हंसून म्हणाला, "मास्तर, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, सांजची वेगळी. बाटलीत कोंडलीत तर बाटली फुटेल. तिला गाव सोडवत नाय."

आम्हीं इतका वेळ ग्रंथांत जें शोधीत होतों तें त्यानें चार शब्दांत सांगितलें.

हा धंदा परंपरेनें भंडारी समाजाच्या हातीं होता. मंदहारक, म्हणजे मद्य काढणारा, या शब्दावरून 'भंडारी' हें नांव पडलें असें इंग्रजी गॅझेटियरांत सुचविलें आहे. दुसरे कित्येक तें 'भांडार' शब्दावरून लावितात. पहिली व्युत्पत्ति आम्हांस ओढाताणीची वाटते. शिवाय या समाजाची ओळख छेवापुरती नव्हे. १६७९ सालच्या खांदेरीच्या मोहिमेंतील मायनाक भंडारी आरमारी पुरुष होता, आणि रत्नागिरीचें पतितपावन मंदिर १९३१ सालीं ज्यांच्या द्रव्यानें उभें राहिलें ते भागोजीशेट कीर याच समाजाचे. गोव्यांत माड छेवणाऱ्यास 'रेंदेर' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'रेंदा', म्हणजे खंड अथवा मक्ता, याच्या कुळांतील आहे. झाडावर चढणाऱ्या कारागिराचें नांव त्याच्या कौशल्यावरून न पडतां त्याच्या करावरून पडलें! पुढील इतिहासाचें बीज या एका शब्दांत आहे.

५. झाड मालकाचें, रस सरकारचा

पेशवाईंत मद्य करण्यास व विकण्यास सामान्यतः मनाई होती. न्या. रानडे यांनीं १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलेल्या निबंधांत याचा ऊहापोह आहे. परंतु पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसई-चौल प्रांतांत भंडारी, कोळी आदि लोकांकरितां सवलत ठेविलेली होती, व सरकारच्या पदरच्या ख्रिस्ती शिपायांस आपल्यापुरतें मद्य काढण्याची परवानगी असे. म्हणजे बंदीच्या काळींही प्रदेश व लोक पाहून तारतम्य केलें जात होतें.

इंग्रजी अमलांत तारतम्याची जागा हिशेबानें घेतली. मुंबई अबकारी कायदा १८७८ सालीं झाला. त्यानें परवान्यावांचून ताडामाडास छेव देणें हाच गुन्हा ठरविला, मग झाड स्वतःच्या परसांतलें कां असेना. आपल्या जुन्या सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप असे अधिकार ओळीनें देण्याचा प्रघात आहे. त्या यादींतील तरु मालकाकडे राहिला, फळही राहिलें. रस मात्र सरकारकडे गेला. झाडावरील कराचे दर वाढत गेले. सरकारच्या दृष्टीनें अडचण उघड होती. भट्टीचें मद्य एका आवारांत करितां येतें, पिंपांत मोजतां येतें, कुलुपांत ठेवितां येतें; उरण येथील मोहाच्या दारूच्या भट्ट्या, ज्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या, तपासावयास एक अधिकारी पुरे. माडी हजारों झाडांच्या शेंड्यावर, हजारों मडक्यांत होते, व सायंकाळीं पिऊन संपते. तिचा पिंप नाहीं, सांठा नाहीं, रवाना नाहीं. मोजण्यास सोपी ती वस्तु कायद्यास प्रिय झाली, आणि मोजण्यास कठीण ती संशयास पात्र ठरली. १८९२ च्या मोहा कायद्यानें तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले.

पुढें राष्ट्रीय चळवळींत दारूबंदी हा एक प्रमुख कार्यक्रम झाला, व त्यामागील कळकळीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं बंदी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला, व एप्रिल १९५० पासून राज्यांत संपूर्ण बंदी झाली. सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं बालसरा यांच्या खटल्यांत या कायद्याचा मुख्य भाग उचलून धरिला. मद्यांश असलेलीं औषधें व प्रसाधनें यांच्याविषयींचा भाग मात्र रद्द केला. कौटिल्यानें गृहस्थास औषधाकरितां अरिष्टाची मोकळीक दिली होती, तिची येथें आठवण होते. पुढील दशकांत बंदी सैल झाली, परवाने आले. तथापि तो १९४९ चा कायदाच महाराष्ट्राच्या नांवानें आजही लागू आहे, आणि मद्य करण्याचे परवाने त्या दारूबंदीच्या कायद्याखालींच मिळतात.

या घडामोडींत माडीचें काय झालें? भट्टीच्या मद्यामागें भांडवल होतें. तें बंदीच्या काळांत लपलें व बंदी सैल होतांच पुनः वर आलें. माडीमागें केवळ हात होते. मुलगा बापाच्या पाठोपाठ झाडावर चढला नाहीं, कीं ती विद्या त्या घरांत संपली. आम्ही ज्या आगरांत गेलों होतों तेथील गृहस्थाचे दोन्ही मुलगे मुंबईस आहेत. गोव्यानें काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळविलें व पुढें तिला वारसा-पेयाचा मान दिला. सीमेच्या अलीकडे त्याच झाडाचीं बोंडें हंगामांत बहुतांशीं कुजून जातात, हें आमच्या जिल्ह्यांत कोणासही सांगावें लागत नाहीं.

६. पुण्यांतील पानागार

याच २००९ सालीं पुण्यांत एक नवी गोष्ट घडली. जेथें बिअर करावयाची तेथेंच ती ताजी विकावयाची, अशा तऱ्हेचें महाराष्ट्रांतील पहिलें लहान मद्यगृह तेथें निघालें. त्याचें नांव 'डूलाली'. हें नांव कोठलें, हें संशोधकांस सांगितलें पाहिजे. नाशिकजवळील देवळाली येथें इंग्रजांचा मोठा सैनिकी तळ होता. मुदत भरलेले गोरे शिपाई तेथें येऊन विलायतेच्या जहाजाची वाट पाहत. जहाजें हंगामांतच येत, म्हणून महिनेच्या महिने रिकामपणीं व उन्हांत जात, व कित्येकांचें डोकें फिरे. त्या अवस्थेस शिपायांच्या भाषेंत 'डूलाली टॅप' म्हणत. यांतील 'डूलाली' म्हणजे देवळालीचा अपभ्रंश, आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. टॅपरूममधील 'टॅप' हा तोटी या अर्थाचा निराळा इंग्रजी शब्द. आमच्या देवळालीचा ताप विलायतेस जाऊन वेडाचें नांव झाला, व तें नांव शंभरांहून अधिक वर्षांनीं पुण्यास मद्यगृहाच्या पाटीवर परत आलें. त्यानंतर पुण्यांत व मुंबईंत अशीं अनेक गृहें झालीं. मधापासून मद्य करणारा एक कारखानाही पुण्यांत निघाला आहे. त्या मद्यास इंग्रजींत 'मीड' म्हणतात. तो शब्द व आपला 'मधु' हे सख्खे भाऊ. मनूच्या माध्वीनें अशा रीतीनें पुण्यांत पुनर्जन्म घेतला.

पुण्यास जाण्याचा योग आला तेव्हां त्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपला कारखाना दाखविला. भरडलेला माल्ट ऊन पाण्यांत भिजवून त्याची गोड पेज काढितात. तींत हॉपचीं फुलें घालून ती उकळितात, त्यानें कडवटपणा येतो व पेय टिकतें. निववून किण्व लावितात व आठवडे-दोन आठवडे, कधीं अधिक, मुरूं देतात. पोलादी पिंपांच्या व बसण्याच्या जागेच्या मध्यें केवळ एक कांच होती. बसण्याच्या निरनिराळ्या जागा, गार वारा, पाणी हें सर्व पाहून सुराध्यक्षाचें प्रकरण आठवलें. गंधमाला तेवढ्या नव्हत्या. साठ वर्षें कोरडीं काढलेल्या आम्हीं त्या दिवशीं गव्हाच्या बिअरचे दोन घोट घेतले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तींत केळें व लवंग यांचा स्पष्ट वास येत होता. "यात केळं घातलं आहे का?" असें विचारतां विद्यार्थी म्हणाला, "नाही गुरुजी. तो वास किण्वाचा. किण्व बदललं की वास बदलतो." त्या दिवशीं तो गुरु होता.

त्यानें ज्या आस्थेनें हें सांगितलें ती पाहून आम्हांस काजळीच्या कांठचा वृद्ध आठवला. दोघेही रोज चव घेऊन पाहणारे, दोघांचेंही पेय जागेवरच उत्तम. मोठ्या कारखान्यांतून बाटल्या भरून देशभर जाणारी बिअर या दोघांसही परकी. परंतु एक भेद राहतोच. पुण्यांतील पेय पुण्यांत होतें खरें. पण त्याचा माल्ट उत्तरेकडून वा परदेशांतून येतो, व हॉपचीं फुलें बहुधा समुद्रापलीकडून. माडीचें झाड, मडकें, किण्व व माणूस हीं चारही त्याच वाडींतलीं. ज्यास खऱ्या अर्थानें स्थानिक म्हणावें तें पेय वृद्धांच्या हातीं विझत आहे, आणि स्थानिक म्हणून गौरव होतो तो दुसऱ्याचा. यांत त्या तरुणांचा दोष नाहीं. त्यांनीं आपल्या कारागिरीच्या नोंदी ठेविल्या, नांवें दिलीं, पाहुण्यांस दाखविल्या. माडीच्या बाजूनें हें कोणींच केलें नाहीं, आणि लिहितां-वाचतां येणाऱ्या आम्हां मंडळींनीं तर मुळींच नाहीं.

७. संग्राहकांस विनंती

पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांपाशीं म्हणून एक मागणें आहे. कोंकणांतील खोतांच्या व आगरवाल्यांच्या घरीं दप्तरें निघतात तेव्हां आपण सनदा, महजर व कुळकटी उचलितों आणि छापील अबकारी परवाने, झाडकराच्या पावत्या, छेवास दिलेल्या माडांच्या याद्या रद्दींत टाकितों. हे कागद राखावे. एका आगरांतील फळास ठेविलेले माड किती व रसास दिलेले किती, एवढें जरी पन्नास वर्षांचें मिळालें तरी कराच्या दराबरोबर हा धंदा कसा घसरला तें आंकड्यांनीं दाखवितां येईल. त्याबरोबर कोयती, भांडीं, ठोकण्याचें लाकूड हीं साधनें नांवांसह जमवावीं. आणि सर्वांत आधीं शब्द जमवावे. पोयीच्या अवस्थांस, रसाच्या वेळांस, छेवाच्या प्रकारांस त्या लोकांत जीं नांवें आहेत तीं कोणत्याही कोशांत पुरतीं उतरलेलीं नाहींत. शष्प आणि तोक्म यांचा अर्थ सांगण्यास महीधर होता म्हणून आज आपणांस ती सुरा ओळखतां आली. माडीस भाष्यकार मिळाला नाहीं तर आणखी पन्नास वर्षांनीं एखादा संशोधक आमच्या दप्तरांतील 'छेव' शब्दापाशीं अडेल, व त्यापुढें कंसांत 'दारू?' असें लिहून पुढें जाईल.

परवां तो विद्यार्थी गोव्याहून परततांना पुनः ओटीवर आला. आम्हीं त्यास काजळीच्या कांठच्या आगराची वाट सांगितली. दोन तासांनीं तो परत आला तेव्हां त्याच्या हातांत एक वही होती, आणि तींत त्या वृद्धाच्या तोंडचे सतरा शब्द लिहिलेले होते. त्यांतील नऊ आम्हांस ठाऊक नव्हते.